कल्पित समाज आणि कार्यकर्त्याचे वाचन



चळवळीतील माणसाने कादंबरी वाचावी, हे तत्त्वतः सर्वांना मान्य आहे. मात्र ‘कादंबरी’ म्हणताना डोळ्यांसमोर उभी राहते ती वास्तववादी कादंबरी. खेड्यातील दैन्य, गिरणगावातील संप, दलित वस्तीतील जिणे यांचे चित्रण असले की ते वाङ्मय कार्यकर्त्याच्या उपयोगाचे मानले जाते. परग्रहावरील समाज, शंभर वर्षांनंतरचे जग, किंवा कोठेच नसलेले राज्य यांविषयीच्या कादंबऱ्यांची मात्र ‘पोरासोरांची करमणूक’ किंवा ‘पलायनवाद’ अशी संभावना होते. हा समज कितपत खरा आहे, हे दोन-तीन कादंबऱ्यांच्या आधारे तपासून पाहावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

या समजाला एक भारदस्त आधार दिला जातो. फ्रीडरिख एंगल्सने १८८० साली काल्पनिक समाजवाद आणि शास्त्रीय समाजवाद असा भेद केला. तेव्हापासून ‘काल्पनिक’ हा शब्द समाजवाद्यांमध्ये जवळजवळ शिवीसारखा वापरला गेला. वस्तुतः त्याच पुस्तिकेत एंगल्सने सेंट सायमन, फूरिये आणि ओवेन यांचा गौरव केलेला आहे. इतिहासातील शक्तींचा विचार न करता केवळ बुद्धीच्या बळावर समाजाचा आराखडा काढता येतो, या विश्वासावर त्याचा आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, उद्याच्या समाजाचा रोजचा व्यवहार कसा चालेल हा प्रश्न विचारणेच अप्रशस्त ठरले. सत्ता हाती आल्यावर ते आपोआप सुचेल, असे गृहीत धरण्यात आले. विसाव्या शतकात ते कसे सुचले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे निराळे सांगावयास नको.

कादंबरीकारांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. अमेरिकेतील एडवर्ड बेलामी याची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ मध्ये निघाली. तिचा नायक १८८७ साली झोपी जातो आणि २००० साली जागा होतो. त्याला दिसते ते असे: सर्व उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले आहेत, एकविसाव्या वर्षी प्रत्येक नागरिक श्रमसेनेत दाखल होतो, पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि सर्वांना सारखा वाटा मिळतो. विल्यम मॉरिसला हे चित्र पटले नाही. समाजवाद म्हणजे शिस्तबद्ध बराक नव्हे, अशी त्याची धारणा होती. त्याने आपले उत्तर कादंबरीनेच दिले. ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही ती कादंबरी १८९० मध्ये ‘कॉमनवील’ या समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे काम करतात ती कामात आनंद आहे म्हणून. मालकी सामाजिक झाल्यावर कामाचे स्वरूप बदलेल की केवळ मालकाचे नाव बदलेल, हा या वादाचा गाभा होता. समाजवादी साप्ताहिकाच्या रकान्यांत तो कादंबरीच्या रूपाने अवतरावा, ही गोष्ट आजच्या कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हाच प्रश्न अधिक खोलवर नेला तो अर्सुला ल गिन या लेखिकेने, ‘द डिस्पझेस्ड’ या १९७४ सालच्या कादंबरीत. अनारेस नावाच्या उजाड उपग्रहावर ओडो नावाच्या विचारवंत स्त्रीच्या अनुयायांनी वसाहत केली आहे. तेथे खाजगी मालमत्ता नाही, सरकार नाही, तुरुंग नाही. कष्टाची आणि घाणीची कामे सर्वांनी आळीपाळीने करावयाची असा प्रघात आहे. लेखिकेची सहानुभूती या समाजाकडे आहे, यात शंका नाही. शेजारच्या ऊरास ग्रहावरील श्रीमंत राष्ट्राचे वैभव ती दाखविते, आणि संपकऱ्यांच्या निदर्शनावर तेथील लष्कर गोळीबार करते तेही दाखविते. असे असूनही तिची खरी तपासणी चालते ती अनारेसचीच.

शेवेक हा अनारेसवरील पदार्थवैज्ञानिक. त्याच्यावर कोणाचीही कायदेशीर सत्ता नाही. परंतु त्याचे लेखन छापले जावे की नाही हे साबुल नावाचा एक ज्येष्ठ ठरवितो, आणि छापावयाचे झाल्यास सहलेखक म्हणून स्वतःचे नाव जोडतो. साबुलकडे पैसा नाही, पोलीस नाहीत. त्याच्याकडे आहे ती ओळख, ज्येष्ठता आणि चार लोकांच्या मताचा धाक. शेवेकचा एक बालमित्र समाजाची टिंगल करणारे नाटक लिहितो. त्याला कोणी शिक्षा देत नाही. फक्त त्याच्या योग्यतेची कामे त्याच्याकडे येईनाशी होतात आणि तो माणूस खचत जातो. पुढे दुष्काळ पडतो. कोणाला किती अन्न द्यावयाचे याच्या याद्या करण्याचे काम शेवेकच्या वाट्याला येते, आणि ते त्याला असह्य होते. जेथे मालक नाही तेथेही यादी करणारा कोणी तरी असतो. आणि ज्याच्या हाती यादी त्याच्या हाती सत्ता.

मालमत्ता गेली तरी सत्ता जात नाही, ती सवयीत आणि संघटनेच्या रीतीभातीत दडून बसते, हे या कादंबरीचे तात्पर्य आहे. एखाद्या पुरोगामी संघटनेच्या कार्यालयात जो बसला असेल, त्याला साबुल ओळखण्यासाठी दुसऱ्या ग्रहावर जाण्याची गरज पडू नये. तरीही लेखिका अनारेसचा त्याग सुचवीत नाही. शेवेक अखेरीस घरी परततो, तो क्रांती पुढे चालविण्यासाठी. टीका आणि निष्ठा एकत्र नांदू शकतात, हे एवढ्या समर्थपणे सांगणारी राजकीय कादंबरी विरळाच.

आता एका अलीकडच्या कादंबरीकडे वळू. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात उत्तर प्रदेशात होते. उष्णतेची प्रचंड लाट येते, वीज जाते, आणि दोन कोटी माणसे मृत्युमुखी पडतात. हे प्रकरण वाचताना ‘कल्पित’ हा शब्द विसरावयास होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सरकारी समारंभानंतर उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. उन्हाचा पारा सर्वांसाठी सारखाच चढतो, पण मरणारे कोण हे सावली, पाणी आणि सुटी कोणाला मिळते यावर ठरते.

रॉबिन्सन यांचा अभ्यास दांडगा आहे. जगातील मध्यवर्ती बँकांनी कार्बन जमिनीत राखणाऱ्यांना नवे चलन द्यावे, ही त्यांची मुख्य योजना. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती विचारार्ह आहे. परंतु दोन आक्षेप नोंदविणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, कादंबरीतील परिवर्तन मुख्यतः झुरिकमधील अधिकारी आणि बँकांचे प्रमुख घडवून आणतात. भारतातील ज्या माणसांच्या मृत्यूने कथा सुरू होते, त्यांच्या संघटित शक्तीला तिच्यात दुय्यम स्थान आहे. येथे महाराष्ट्राचा अनुभव वेगळे सांगतो. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडीत उभे राहिले. त्यांच्या मोर्च्यांच्या रेट्याने रोजगार हमी बळकट झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरातील मिळवत्या वर्गावर व्यवसाय कर बसविण्यात आला. तिच्यात दोष पुष्कळ होते. पण काम मागणारा आणि खर्चाचा भार उचलणारा, दोघेही त्या व्यवहारात स्पष्ट दिसत होते. नव्या चलनाच्या योजनेत हा प्रश्न धूसरच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कादंबरीत प्रवासी विमाने पाडली जातात, धनिकांना ठार मारले जाते, आणि जगाचे वर्तन सुधारते. मंत्रालयाचा एक गुप्त विभाग आहे, याची कुणकुण प्रमुख बाईंना लागते. तो विभाग त्या बंद करीत नाहीत. हिंसा पडद्याआड ठेवावयाची आणि तिची फळे मात्र उजेडात चाखावयाची, असा हा प्रकार आहे. साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या परंपरेतील वाचकाने येथे थांबून जाब विचारला पाहिजे. पाडलेल्या विमानातील प्रवाशांची यादी कोणी केली? अनारेसवर शेवेकला जी यादी असह्य झाली, तीच येथे लेखकाने न दाखविता वापरली आहे.

म्हणूनच अशा कादंबऱ्या वाचावयाच्या त्या भविष्य जाणून घेण्यासाठी नव्हे. आपले स्वप्न खरे झाल्यावर गटार कोण साफ करील, न पटणारे लिहिणाऱ्याचे काय होईल, टंचाईच्या दिवसांत याद्या कोण करील, आणि तेथवर पोचण्यासाठी कोणाचा बळी दिला गेलेला असेल, हे प्रश्न जाहीरनाम्यात सहसा येत नाहीत. कादंबरीला ते टाळता येत नाहीत, कारण तिला जिवंत माणसे रंगवावी लागतात. ज्या अभ्यासमंडळात जाहीरनामा वाचला जातो, त्या मंडळात वर्षाकाठी अशी एक तरी कादंबरी वाचली जावी, आणि तिच्यातील समाजाला हे चार प्रश्न विचारून झाल्यावर तेच प्रश्न स्वतःच्या संघटनेलाही विचारले जावेत.