भोंगा, बदली आणि रोबोटा

मुंबईतल्या काळाचौकीच्या चाळींत नुसतं 'काम' म्हणून भागत नसे. भोंगा झाला की गिरणी कामगार 'पाळी'ला निघे. गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा तो 'बदली'. औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी पाठातही हा शब्द तसाच होता!

इंग्रजीतला 'रोबोट'सुद्धा उसनाच. चेक लेखक कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातला. मूळ चेक 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी. शेजारच्या स्लोव्हाक भाषेत मात्र 'रोबोटा' म्हणजे साधं रोजचं काम. हाडं झिजवणाऱ्या कष्टांना तिथे 'द्रिना' म्हणतात. आपलं 'राबणं' कानाला जवळचं वाटतं, पण लगेच सोयरीक जुळवायला नको.

इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, भोंगे थांबले. 'रात्रपाळी' आता वॉचमन आणि कॉल सेंटरवाले करतात.