नागलीची भाकर गोड कशी लागली?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून भाताच्या भावावर बोलणे झाले, जमिनीच्या दाव्यांवर झाले. आता थोडे जेवणावर बोलू. जेवण हा चुलीपुढचा विषय आहे, त्याचे बैठकीत काय काम, असे कोणाला वाटेल. पण आपल्या माळावरून जे पीक गेले ते आधी ताटातून गेले. आणि ताटातून जाण्याच्या आधी ते मनातून उतरले. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शेतीची मांडणी सारखीच. खाली खाचरात भात. वर वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, खुरासणी. डोळखांब, किन्हवलीकडे जा, नाहीतर टोकावडे, धसईच्या वर डोंगराच्या अंगाला जा, जुन्या माणसांना विचारा. ते सांगतील, भात विकायला आणि पाहुण्याला, नागली घरच्या पोटाला. भाताची कणगी रिकामी झाली की नागलीची उघडायची. नागलीला कीड सहसा लागत नाही, वर्षानुवर्षे राहते. आपल्या घरातली ती बँकच होती.

पण ज्या धान्याने पावसाळ्याचे कठीण दिवस काढून दिले, त्याच धान्याची आपल्या पोरांना लाज वाटू लागली. शाळेत डबा उघडताना काळी भाकर हाताखाली झाकायची. पाहुणा आला की नागलीची टोपली मागे सारायची. 'आमच्याकडे आता नागली खात नाहीत' हे वाक्य सुधारल्याची खूण म्हणून सांगितले जाऊ लागले. मग पोरे म्हणू लागली, ती भाकर घशाखाली उतरत नाही, कडक लागते, माती लागते. आम्हाला विचाराल तर या तक्रारीत चवीचा भाग थोडा आणि लाजेचा भाग मोठा होता.

हे कसे झाले ते नीट बघू.

अमेरिकेने 1954 साली एक कायदा केला, पी.एल. 480 या नावाने तो आपल्याला माहीत आहे. 1956 साली भारताने त्याखाली करार केला आणि तिकडचा गहू जहाजे भरभरून इकडे येऊ लागला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात मिलो आला. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी, तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. लोकांनी मिलो खाल्ला, कारण दुसरे काही नव्हते. पण मिलो यायचा थांबला तेव्हा तो परत द्या अशी मागणी कोणी केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

गव्हाचे मात्र उलटे झाले. आपण भात खाणारी माणसे, चपाती सणावाराची. रेशनवर गहू बारमाही मिळू लागला, गावोगाव चक्की झाली, आणि जी चपाती एकेकाळी आपल्या म्हाताऱ्यांना पोटाला जड वाटे, ती पोरांच्या आवडीची झाली. गहू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही परदेशी धान्ये एकाच रेशनच्या दुकानातून आली, एक नावडते राहिले आणि एक आवडते झाले. का? मिलोबरोबर आली लाचारी. गव्हाबरोबर आला मान. माणूस धान्याबरोबर मानही खातो, अपमानही खातो. नागली तर आपली स्वतःची. पण तिला गरिबीची खूण करून टाकले, म्हणून ती कडू लागली.

दुसरे कारण हाताचे. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गार पाण्यात मळून भाकर थापली की ती फाटते, भाजल्यावर दगड होते. आपल्या आया-आज्या पाण्याला उकळी आणून त्यात पीठ टाकत, उकड काढत, ती गरम असतानाच मळत. पीठ ताजे दळलेले असे. अशी भाकर मऊ राहते, टम्म फुगते. त्यावर उडदाची आमटी किंवा जवळ्याची चटणी घ्या आणि मग सांगा घशाखाली उतरते की नाही. घरात नागली दळली जात नाही तेव्हा हा हातही हरवतो. मग कधीतरी कोणी वाईट भाकर करतो, पोरगे तोंड वाकडे करते आणि दोष धान्यावर जातो.

तिसरी गोष्ट जिभेची. जीभ शिकते. लहान मुलाला नवी चव एकदा देऊन आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती पुढे यावी लागते, असे बालआहाराचा अभ्यास करणारे सांगतात. आपल्याला हे पुस्तकाशिवायही ठाऊक आहे. पहिल्या पावसात रानात येणारी शेवळे आठवा. नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेऊ नये. पण आपल्या बायका त्याचा आतला पिवळसर भाग काढून टाकतात, काकडाची आंबट फळे घालून शिजवतात, आणि तीच भाजी पोरे मागून घेतात. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारात लोक शेवळांची वाट पाहतात. ज्याने घसा खाजतो ते जर शिकून आवडते होते, तर बिचाऱ्या नागलीचे काय अवघड आहे?

आणि नागली पुन्हा आवडू लागली आहे, हे आपण सगळे पाहतो आहोत. उन्हाळ्यात रात्री पीठ भिजवून आंबवलेली, सकाळी शिजवून ताक-मीठ घातलेली आंबील पोरे पितात. गूळ घालून केलेले लाडू डब्यात जातात. काही घरांत आजीच्या हाताखाली सुना उकड काढायला शिकल्या आहेत.

पण यात एक टोचणारी गोष्ट आहे. हा मान आपल्याकडे शहरातून परत आला. डॉक्टरांनी शहरातल्या लोकांना नाचणी खा म्हणून सांगितले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष पाळले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने या धान्यांना 'श्री अन्न' म्हटले. ज्या भाकरीवर आपण हात झाकत होतो ती दुकानात चकचकीत पुड्यात बसली, तेव्हा आपल्याला ती बरी वाटू लागली. तो पुडाही जरा उलटून वाचा. अनेकदा वर नाचणीचे नाव मोठे असते आणि आत मैदा-साखर जास्त असते.

शहराची आवड आली, तिचे स्वागत करू. पण तिच्यावर विसंबून राहू नका. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगरात क्विनोआ नावाचे धान्य पिकते. तेही आदिवासींचे, गरिबांचे म्हणून हिणवलेले. मग श्रीमंत देशांना ते आवडले. 2013 साल संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआचे वर्ष म्हणून पाळले. भाव चढला, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे खरे. पण भाव पाहून सपाटीवरचे मोठे बागायतदार आणि दुसरे देशही त्यात उतरले आणि 2014 नंतर भाव कोसळला. बाजाराची जीभ आज एक मागते, उद्या दुसरे. आपल्या घरची जीभ टिकली तर पीक टिकेल.

आता हिशोब बघा. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. दाणा बारीक, पॉलिश करून टाकता येत नाही, म्हणून कोंड्यासकट पोटात जातो. बाळंतिणीला आणि वाढत्या पोराला आणखी काय हवे? 2025-26 चा हमीभाव नागलीला क्विंटलमागे 4,886 रुपये आणि साध्या भाताला 2,369 रुपये होता. पण खरेदी केंद्रावर नागली घेतलीच नाही तर तो भाव कागदावरच राहतो. रेशनचे तेच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिले आहे. दुकानात आपल्याला मुख्यतः गहू-तांदूळच मिळतात.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

पहिले, ज्याच्याकडे वरकस आहे त्याने येत्या पावसाळ्यात निदान एक तुकडा नागलीचा करावा. राब, रोप, लावणी, निंदणी, बडवणी हे कष्ट आहेत, त्यांचा बराचसा भार बायांवर पडतो. म्हणून घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी त्यात हात घालायचा, हे ठरवूनच तुकडा धरा.

दुसरे, गावातले जुने बियाणे ज्या घरात असेल तिथून मूठ-मूठ घेऊन चार घरांत ठेवा. एकाच घरात ठेवलेले बियाणे एका वाईट वर्षात जाते.

तिसरे, खरेदी केंद्रावर नागली घ्या, आणि रेशन व अंगणवाडीत इथलीच नागली द्या, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करा.

चौथे काम सगळ्यात सोपे आणि सगळ्यात अवघड. पुढच्या बैठकीचे जेवण नागलीचे असेल. पाहुणा कितीही मोठा येवो, त्याच्या पानात हीच भाकर पडेल. भात कमी पडला म्हणून ही वाढली, असे कोणी म्हणायचे नाही. पोरांच्या देखत वाढायची. पहिल्यांदा ती तोंड वाकडे करतील. करू द्या. भाकर चांगली करा आणि पुन्हा वाढा.