गृहशिक्षणातील तीन निर्णय : पद्धती, अभ्यासक्रम आणि परीक्षा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू इच्छिणारे पालक बहुधा ‘कोणती पद्धत चांगली?’ या प्रश्नापासून आरंभ करतात. पण या एका प्रश्नात तीन वेगळे निर्णय मिसळलेले असतात. शिकवण्याची रीत म्हणजे पद्धती, कोणत्या वयात काय शिकवावे याचा क्रमवार आराखडा म्हणजे अभ्यासक्रम, आणि शिकलेल्याला समाजात मान्यता मिळवून देणारी व्यवस्था म्हणजे परीक्षा. ही तिन्ही एकाच नावाच्या तयार संचातून विकत घेणारे कुटुंब स्वतःच्या परिस्थितीचा विचार दुसऱ्यावर सोपवते, आणि गृहशिक्षणात परिस्थितीलाच सर्वाधिक महत्त्व असते.

घरच्या शिक्षणाची महाराष्ट्राला ओळख नाही असे नव्हे. पंडिता रमाबाईंना (1858–1922) संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना ते पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकवले होते. कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत असे, राहण्याचे ठिकाण कायम नसे. तरीही काय शिकायचे आणि कोणी शिकवायचे हे पक्के असल्यामुळे अध्ययन चालू राहिले. रमाबाई रानडे यांनाही पती न्यायमूर्ती रानडे यांनी घरातच, आणि घरातल्या बायकांचा विरोध पत्करून शिकवले. मात्र त्या काळी बहुतेक मुलींना शाळेचे दारच बंद होते. ते दार उघडावे म्हणून जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. इतक्या कष्टाने मिळालेली शाळा सोडताना, तिच्याऐवजी मुलाला नेमके काय मिळणार याचे स्पष्ट उत्तर पालकांपाशी असलेच पाहिजे.

पद्धतींपैकी मराठी वाचकाला सर्वांत जवळची माँटेसरी पद्धत होय. मुलाने इंद्रियांनी अनुभव घेत, स्वतःच्या गतीने, हाताळण्याजोग्या साधनांतून शिकावे, हे तिचे सूत्र. मुंबईत दादरला ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये याच पद्धतीचे शिशुविहार सुरू केले. पण त्यांच्या कार्यातील अधिक मोलाचा भाग 1945 नंतर बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे घडला. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली, आणि महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने, माती यांनी घेतली. पद्धतीचा गाभा राखून तिचे साहित्य बदलता येते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मुंबईतील नायगावच्या जुन्या बीडीडी चाळीतील खोली 160 चौरस फुटांची. तेथे परदेशी साधनांचा पूर्ण संच मांडणे अशक्य असले, तरी धान्य निवडणे, मोजणे, वजन करणे, घड्या घालणे यांतून तेच शिक्षण होऊ शकते. एक उणीव मात्र घरात भरून निघत नाही : ही पद्धत वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असण्यावर आधारलेली आहे, म्हणून एकुलत्या मुलासाठी ती निवडणाऱ्यांनी चाळीतील किंवा शेजारची चार मुले रोज सोबत येतील अशी व्यवस्था आधी करावी.

इंग्लंडमधील शार्लट मेसन (1842–1923) यांची रीत त्याहून साधी आहे. चांगले पुस्तक एकदाच लक्षपूर्वक वाचावे किंवा ऐकावे आणि मग मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावे, एवढा तिचा कणा. तिला सामग्री जवळजवळ लागत नाही, पुस्तके मात्र विपुल लागतात. याउलट अमेरिकेतील जॉन होल्ट यांनी 1970 च्या दशकात पुरस्कारलेल्या मार्गात ठरीव अभ्यासक्रमच नसतो आणि मुलाची जिज्ञासा नेईल तिकडे शिक्षण जाते. हा मार्ग सोपा भासतो. वस्तुतः त्यात मोठ्या माणसाचे लक्ष दिवसभर लागते. आईवडील दोघेही कामावर जाणाऱ्या घरात तो टिकत नाही. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे : घरी शिकवण्याचा भार बहुतेक कुटुंबांत आईवर पडतो, म्हणून तिची नोकरी, तिची विश्रांती आणि तिची मनापासूनची संमती यांची चर्चा पद्धतीच्या चर्चेआधी व्हायला हवी.

अभ्यासक्रमाच्या बाबतीत परदेशी संचांचे आकर्षण मोठे आहे, परंतु त्यांतील नाणी, मापे, ऋतू आणि इतिहास परके असतात. 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके स्वस्त असून संगणकावरही विनामूल्य मिळतात. त्यांना कणा मानून इतर वाचन भोवती रचणे हा मराठी घरासाठी अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्याला मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांची जोड देता येते.

परीक्षेचा विचार मात्र शेवटासाठी ठेवू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला किमान 14 वर्षे वय लागते, 5 विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, नोंदणी 5 वर्षे टिकते आणि माध्यम म्हणून मराठीही घेता येते. तेथे गणित व विज्ञान वगळूनही दहावी होता येते. पण ही सवलत घेतलेल्या मुलाला पुढे विज्ञान शाखेची वाट अवघड होते, याची जाणीव बाराव्या-तेराव्या वर्षीच हवी. राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी 17 नंबरचा अर्ज भरण्याची वाटही आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे, मात्र ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. त्याच कायद्याचे चौथे कलम, शाळेत न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देते. म्हणून घरी शिकवण्याचा निर्णय एकदाच आणि कायमचा घेण्याचे कारण नाही. दर वर्षी जून उजाडण्यापूर्वी मुलाला विचारून, त्याच्या वह्या पाहून आणि घरातील माणसांचा थकवा मोजून तो नव्याने घेता येतो.