आपल्या रस्त्यांचे गणित



विजेवर चालणाऱ्या वाहनाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर परदेशी बनावटीची महागडी मोटार उभी राहते. परंतु आपल्या रस्त्यांवर बहुसंख्या आहे ती दुचाकींची, आणि गल्लीबोळांतून सामान्य माणसाला घरी पोहोचवते ती रिक्षा. या वस्तुस्थितीपासून ज्यांनी विचाराला आरंभ केला, ते आयआयटी मद्रासचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. अशोक झुनझुनवाला.

१९५३ मध्ये जन्मलेल्या झुनझुनवालांनी १९७५ मध्ये आयआयटी कानपूरची पदवी घेतली. अमेरिकेतील मेन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात अध्यापनही केले. तेथे स्थिरावणे सोपे होते. तरीही १९८१ मध्ये ते मायदेशी परतले आणि मद्रासला रुजू झाले.

त्या काळी एका टेलिफोन जोडणीमागे सुमारे ४० हजार रुपये गुंतवावे लागत. श्रीमंत देशाला हा खर्च पेलत होता, आपल्याला नव्हे. तो १० हजारांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून त्यांनी व सहकाऱ्यांनी 'कॉर्डेक्ट' ही बिनतारी प्रणाली सिद्ध केली. पुढे मोबाइलच्या लाटेत ती मागे पडली. परंतु विचाराची रीत टिकली. आपल्या माणसाला परवडेल ती किंमत आधी ठरवायची आणि तंत्रज्ञान तिथवर आणायचे! १९९८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार लाभला, २००२ मध्ये पद्मश्री.

हीच रीत त्यांनी विद्युत वाहनांना लावली. या वाहनात सर्वांत महाग भाग बॅटरीचा. समजा, एखादी रिक्षा किलोमीटरला ६० वॅट-तास वीज घेते. शंभर किलोमीटरसाठी ६ किलोवॅट-तासांची बॅटरी हवी. मोटार व नियंत्रक सुधारून हाच खर्च ४५ वर आणला, तर साडेचार पुरते. वाटेत एकदा बॅटरी बदलून मिळाली, तर त्याच्या निम्मी! गाडी हलकी होते, किंमत उतरते. शिवाय आपल्या उन्हाळ्यात अतिजलद चार्जिंग बॅटरीचे आयुष्य घटवते. बदलून घेतलेली बॅटरी मात्र थंड जागी सावकाश भरता येते. रिक्षाचालकाचा धंद्याचा वेळ वाचतो, आणि त्याची चूल त्या वेळेवरच पेटते.

२०१७ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे प्रधान सल्लागार म्हणून त्यांनी हा विचार शासनदरबारी मांडला. २०२० मध्ये बॅटरीविना वाहनाच्या विक्रीस व नोंदणीस केंद्राने मुभा दिली. २०२२ मध्ये नीती आयोगाने बॅटरी-अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. मार्ग निष्कंटक नव्हता. प्रत्येक उत्पादकाची बॅटरी निराळी. सर्वांनी एकच मापदंड स्वीकारावा हे अनेकांना मानवले नाही. ज्या आयआयटी मद्रासच्या परिसरात 'एथर' हा स्कूटर उद्योग रुजला, त्या उद्योगानेही स्कूटरमध्येच बसवलेल्या बॅटरीचा मार्ग पत्करला. मतभेद राहिले; परंतु प्रश्न आपला होता आणि उत्तरे शोधणारे हातही आपलेच होते.

प्राध्यापकाची खरी मिळकत हीच. आयआयटी मद्रासच्या संशोधन उद्यानात उद्योजक आणि विद्यार्थी एका छताखाली काम करतात. ते उभारण्यात झुनझुनवालांचा पुढाकार होता. उद्या आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी अभियंता होईल, तेव्हा त्यांना पगाराचा आकडा विचारण्याआधी एवढे अवश्य विचारावे : तुझे ज्ञान कोणाच्या रस्त्यावर धावणार आहे?