ऑक्टोबरच्या उकाड्यात कोथिंबीर का रुसते?

आजचा विषय रेवदंड्यासारख्या किनारी गावांचा. पाऊस गेला, आभाळ मोकळं झालं, की वाटतं चला, आता थंडीची भाजी लावू. पण ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, आणि समुद्र जवळ असल्याने रात्रीही फारशा गार होत नाहीत. मग कोथिंबीर, पालक नीट उगवत नाहीत, आणि बियाण्याचे पैसे मातीत जातात.

यावर उपाय काय? आधी उकाडा सोसणारं पेरा. मुळ्याची ‘पुसा चेतकी’ जात गरमीतही येते, साधारण 40–45 दिवसांत काढायला मिळते. फ्लॉवर हवा असेल तर लवकर येणारी जात निवडा. उशिराच्या जातीला गड्डा धरायला थंडी लागते.

कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. वाफ्यावर नारळाच्या झावळ्यांची सावली करा, उगवलं की हळूहळू काढा. पाणी संध्याकाळी द्या. मात्र खाडीजवळच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. मचूळ लागलं तर कोवळ्या रोपांना घालू नका.

आणि सगळं एकदम पेरू नका. दर 10 दिवसांनी एकेक वाफा. एक करपला तरी पुढचा हाताशी असतो.

आपल्या अलिबाग तालुक्यात भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदासुद्धा भात कापल्यावरच शेतात लागतो. घाई तिथेही चालत नाही.

तुमच्याकडे आधी काय उगवलं, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा!