गाव कुठलं तुमचं?
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



मराठी माणूस भेटला की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला. गाव कुठलं तुमचं? आपण सातारा, मालवण, अकोला सांगून मोकळे होतो. इथे वाढलेली आपली मुलं मात्र गप्प बसतात. ब्रॅम्प्टन म्हणाली तर आपणच हसतो, "अगं, ते काय गाव झालं?"

म्हणून आज ओमीमीबद्दल बोलतो. पीटरबरोच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध वसलेलं हे छोटंसं गाव. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ओमीमी म्हणजे रानकबूतर. त्या कबुतरांचे थवेच्या थवे इथे असत. 1914 साली त्यांतलं शेवटचं मेलं. नाव तेवढं उरलं.

1949 मध्ये स्कॉट यंग नावाचे पत्रकार इथे बिऱ्हाड घेऊन आले. धाकटा मुलगा नील, वय वर्षं चार. शाळेत तो पहिल्यांदा गेला तो इथेच. 1951 च्या साथीत त्याला पोलिओ झाला. लस यायला अजून चार वर्षं होती. त्याला टोरांटोच्या लहान मुलांच्या इस्पितळात नेलं. आपल्या पिढीला पोलिओ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पोरगा वाचला, पुन्हा चालू लागला. पुढे कुटुंबानं गाव सोडलं, आईवडील वेगळे झाले, आईबरोबर तो विनिपेगला गेला आणि 1966 मध्ये थेट कॅलिफोर्नियाला.

तिथे क्रॉसबी, स्टिल्स, नॅश अँड यंग या रॉक बँडच्या 1970 च्या 'देजा वू' या अल्बममध्ये त्यानं 'हेल्पलेस' गायलं. गाणं उत्तर ओंटारिओतल्या एका गावाबद्दल आहे. नकाशा काढून बसलात तर ओमीमी काही उत्तरेला नाही, दक्षिणेतच आहे! पण गाण्याला नकाशा लावू नये. त्यात दोन-तीन गावं मिसळलीत आणि ओमीमी त्यांतलं एक, असं त्यानंच नंतर सांगितलं.

आता हिशेब बघा. जन्म टोरांटोचा, गाजला कॅलिफोर्नियात, 2020 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं. ओमीमीत राहिला मोजकीच वर्षं, तीही आजारपणाची. तरी 1 डिसेंबर 2017 ला, वयाच्या 72 व्या वर्षी, तिथल्या कोरोनेशन हॉलमध्ये तो एकटा गायला बसला. हॉल लहानसा, प्रेक्षक थोडेच, बाकीच्यांनी इंटरनेटवर पाहिलं. (गावातल्या शाळेला नाव मात्र वडिलांचं आहे, स्कॉट यंग. आपल्याकडेही असंच झालं असतं!)

आमची मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही सातारला सुट्टीतच जायचात, मी इथे सतरा वर्षं राहिले." मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता शोधतही नाही.

पीटरबरोकडे जाणार असाल तर हायवे 7 गावातूनच जातो. मुलांना घेऊन उतरा. आणि गाडीत ते गाणं त्यांनाच लावू द्या.