दोन हातांची रुजवात



गिटार शिकणाऱ्या तरुणांची माझ्यापाशी येणारी तक्रार बहुधा एकच असते, की बोटे वेगाने चालत नाहीत. अशा विद्यार्थ्यास मी तोच तुकडा निम्म्या लयीत वाजवावयास सांगतो, आणि तेव्हा ध्यानात येते की जो दोष वेगाच्या अभावाचा म्हणून सांगितला जात होता, तो वस्तुतः दोन हातांमधील बेबनावाचा आहे. डाव्या हाताचे बोट पडद्यामागे पुरते टेकण्यापूर्वीच उजव्याने तार छेडलेली असते, अथवा उजव्याचा आघात होण्याआधीच डाव्याने मागचा स्वर सोडून दिलेला असतो. दोन दप्तरांतील नोंदींची रुजवात जुळत नसता कारकुनाने केवळ लेखणी जलद चालविली, तर चुकाच वाढावयाच्या.

मग प्रत्येक हाताची निराळी चौकशी करणे प्राप्त होते. माउरो जुल्यानी या इटालियन वादकाने १८१२ साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या शिक्षणग्रंथात उजव्या हाताचे १२० पाठ दिले आहेत, आणि ते सी मेजर व जी सेव्हन या दोनच स्वरमेळांवर बांधले आहेत. डाव्या हातास जवळजवळ विश्रांती देऊन अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिका यांचा क्रम पक्का करविण्याची ही योजना मला आजही अजोड वाटते.

डाव्या हाताचा रोग बहुतेक वेळा अतिरिक्त बळाचा असतो. पडद्याच्या अगदी लगत मागे बोट ठेवून, तार खरखरेल इतकाच हलका दाब द्यावा, आणि स्वर स्वच्छ होईपर्यंतच तो वाढवावा. जेवढे बळ लागले तेवढेच खरे, बाकीचे सारे पुढच्या स्वराच्या वाटेतील अडसर होय. १९२८ साली आगीत होरपळल्यामुळे डाव्या हाताची अनामिका व करंगळी जायबंदी झालेल्या जांगो रेनहार्ट या गिटारवादकाने पुढे मुख्यत्वे दोन बोटांवर जी द्रुत वादनशैली उभारली, ती ऐकल्यावर बोटांच्या संख्येची सबब सांगण्यास कोणासही जागा उरत नाही.

यानंतर दोन्ही हात एकत्र आणावेत, आणि येथे आपल्या तबल्याच्या तालमीतील ठाय, दुगण, चौगण ही शिस्त गिटारवादकास तंतोतंत उपयोगी पडते. मेट्रोनोम मिनिटास ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्यास एक, मग दोन, मग चार स्वर वाजवावेत. चौगणीत मिनिटास २४० स्वर होतात, ते प्रथम एकाच ठोक्यापुरते वाजवून पुढच्या ठोक्यावर थांबावे, आणि त्या थांब्यात खांदा, मनगट व अंगठा सैल आहेत किंवा नाहीत हे तपासावे. वेदना होऊ लागल्यास वाद्य तत्काळ खाली ठेवावे.

आपणांपैकी ज्यांच्या घरी गिटार असेल त्यांस माझी विनंती आहे की उद्या सकाळी चारच स्वर घ्यावेत, आणि दोन्ही हातांचा मिळून एकच आवाज ऐकू येईपर्यंत पाचवा घेऊ नये.